साहेब, आमच्याकडे दोन आकडे असतात

प्रति,
जिल्ह्याच्या मासिक आढावा बैठकीत पुढच्या रांगेत बसणारे सर्व साहेब आणि मॅडम

विषय: टॉवेल, थर्मामीटर आणि तुमची एक्सेल शीट
संदर्भ: काही नाही (या विषयावर वरून आजवर एकही पत्र आलेलं नाही, म्हणून)

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

मी एका उपजिल्हा रुग्णालयात लेबर रूमची इनचार्ज सिस्टर आहे. कागदावर अधिपरिचारिका, पण त्या नावाने आजवर मला कुणी हाक मारलेली नाही. नोकरीला बावीस वर्षं झाली. नाव आणि तालुका लिहीत नाही कारण पोरीचं बारावीचं वर्ष आहे आणि आत्ता बदली परवडणारी नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच म्हणा.

पत्राचं कारण म्हणजे मागच्या महिन्यातली मीटिंग. आमच्या एमएस साहेबांना (म्हणजे दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना) कोर्टाची तारीख होती म्हणून त्यांनी मला पाठवलं, "सिस्टर तुम्ही जा, फक्त आकडे वाचून या." मी पहिल्यांदाच आले. तीन तास बसले. स्क्रीनवर दवाखान्यांची यादी, कुणी हिरवं कुणी पिवळं कुणी लाल, आणि जे लाल त्यांनी उभं राहून बोलणी खायची. एक तरुण एमओ (मेडिकल ऑफिसर), बहुतेक बाँडवरचा, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी नोकरी करणारा असावा, सांगायचा प्रयत्न करत होता की पावसात पूल पाण्याखाली होता, बायका आल्याच नाहीत, तर त्याला "कारणं नकोत, आकडा पाहिजे" म्हणून खाली बसवलं. माझ्या शेजारी एक डेटा ऑपरेटर होता, तो हळूच म्हणाला, सिस्टर बघा, पुढच्या महिन्यात हा हिरवा होतो. झाला असेल आत्तापर्यंत. पूल आहे तिथेच असणार.

तर साहेब, जे तुम्हाला कुणी सांगत नाही ते मी सांगते. आमच्याकडे दोन आकडे असतात. एक वर पाठवायचा आणि एक आमचा आम्हाला माहीत असलेला. हे फक्त माझ्या दवाखान्यात नाही, आणि आम्ही सगळे चोर आहोत असंही नाही. ते तसं का होतं तेवढंच सांगायचंय.

आधी लिहिण्याचं ओझं बघा. एक बाई बाळंत झाली की तिची माहिती केस पेपरवर, प्रसूती रजिस्टरमध्ये, पार्टोग्राफवर (कळा कशा पुढे सरकतात त्याचा तक्ता), बाळाच्या कागदावर, जेएसवायच्या म्हणजे बाळंतिणीला पैसे देणाऱ्या योजनेच्या वहीत, जेवणाच्या वहीत, आरसीएच म्हणजे माता-बालकांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलसाठी वेगळी, एचएमआयएस म्हणजे दवाखान्याच्या कामाच्या महिन्याच्या फॉर्मसाठी वेगळी, लक्ष्य या लेबर रूम सुधारायच्या योजनेची शीट अजून वेगळी, आणि हे सगळं झाल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर "आजच्या प्रसूती किती" तेही सकाळी दहाच्या आत. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि एक मावशी. तीन बायका एकदम कळा देत असताना पार्टोग्राफ कधी भरला जातो असं वाटतं तुम्हाला? बाळंतपण झाल्यावर. सगळी टिंबं एका पेनने, एका हाताने, एका दमात, आणि रेषा इतकी सुंदर की पुस्तकात छापावी. पार्टोग्राफ कशासाठी असतो, तर कळा अडल्या की वेळेत कळावं म्हणून. बाळ झाल्यावर भरलेला पार्टोग्राफ म्हणजे वरात निघून गेल्यावर लावलेला मांडव.

तुमच्याकडे इतके हुशार लोक आहेत एक्सेलवाले, त्यांना एकदा गरोदर बायांचं बीपी काढायला सांगा रजिस्टरमधून. ११०/७०, १२०/८०, ११०/७०, १२०/८०. ११७ किंवा १२३ शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. तसंच बाळाचं वजन, २.५ किलोच्या खाली गेलं की कमी वजनाचं धरतात, म्हणून आमच्याकडे बरोबर २.५ ची बाळं इतकी जन्मतात की विचारू नका. बीपी न घेता लिहिणाऱ्या असतील काही, पण बऱ्याचदा मशीनच बिघडलेलं असतं आणि रकाना रिकामा ठेवला तर पोर्टल पुढेच जाऊ देत नाही.

आता ह्याचा परिणाम बघा, हे माझ्या मनातलं नाही. एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) म्हणजे घरोघर जाऊन आईला विचारून केलेलं सर्वेक्षण. त्याच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली, त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत ती ७८.९ होती. म्हणजे जवळपास दहाने वाढ, चांगलंच आहे. पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली मुलं? आधी ४१.६, नंतर ४१.८. हललंच नाही. एवढ्या बायका घर सोडून आमच्याकडे आल्या आणि आमच्यासमोर बाळ झालं तरी पहिल्या तासातलं दूध होतं तिथेच. आणि आमची रजिस्टरं काढून बघा, "एका तासात स्तनपान" या रकान्यात वरपासून खालपर्यंत होय होय होय. मीसुद्धा लिहिलेत ते होय. बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या यंत्रावर), आई टाके घालायला टेबलावर, नातेवाईक पेढे वाटायला, आणि मी रजिस्टरवर. आईला विचारलं तर ती खरं सांगते कारण तिला मीटिंगला जायचं नसतं.

आता माझी गोष्ट सांगते, थोडी लांब आहे पण त्यासाठीच पत्र लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्याकडून एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाला) जाणारी बाळं गार पोचायची. तिथली सिस्टर फोनवर ओरडायची, "अहो बाळ आणता का बर्फ आणता?" मला राग यायचा कारण आमच्या कागदावर प्रत्येक बाळाचं तापमान ३६.८ होतं. प्रत्येक. मग मला एका ट्रेनिंगला पाठवलं, पीओसीक्यूआय नावाचं (जिथे पेशंट तिथेच काम सुधारायची पद्धत), दिल्लीचं एम्स आणि डब्ल्यूएचओच्या आग्नेय आशियाच्या ऑफिसने मिळून बसवलेलं. नावाला घाबरू नका, गोष्ट साधी आहे. एक अडचण निवडा, चार माणसं गोळा करा, अडचण कशामुळे ते शोधा, छोटा बदल करून बघा, आणि रोज मोजत राहा. मोठं काही मागायचं नाही, बजेट नाही, नवी इमारत नाही. मला आधी वाटलं चला, अजून एक रजिस्टर वाढलं.

पण परत आल्यावर आम्ही एकच केलं. बाळ लेबर रूममधून हलवायच्या आधी काखेत खरंच थर्मामीटर लावायचं आणि जे येईल ते लिहायचं. नवजात बाळाला ३६.५ ते ३७.५ सेल्सियस पाहिजे. पहिल्या आठवड्यात जवळपास निम्मी बाळं ३६.५ च्या खाली निघाली. मी दोन दिवस जेवले नाही धड. बावीस वर्षांत (तेव्हा सोळा-सतरा असतील) किती बाळं मी अशी गार गार पाठवली असतील आणि वर ३६.८ लिहून सही केली असेल. लक्षात घ्या, कमी दिवसांच्या बाळाला गारठा म्हणजे नुसता गारठा नसतो, साखर उतरते, श्वास अडतो, इन्फेक्शन झालं तर ते झेपत नाही.

मग एका औषध कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही चार्ट केला. आडवे आठवडे, उभे शंभरपैकी किती बाळं गरम, दर आठवड्याला एक टिंब. आणि शोधायला लागलो. काय सापडलं सांगू? वॉर्मर बाळ बाहेर आल्यावर चालू व्हायचा, तो तापायला वेळ लागतो, तो आधीच लावून ठेवायला पाहिजे हे आम्हाला पाठ होतं पण कुणी करत नव्हतं. रात्री तर तो बंदच, कारण मागे एकदा एक जळाला होता आणि त्याची चौकशी लागली होती, तेव्हापासून रात्री वॉर्मर चालू ठेवायला सगळ्याजणी घाबरायच्या. पंखा डोक्यावर फुल, कारण डॉक्टरांना ॲप्रनमध्ये घाम येतो. आणि टॉवेल. बाळाला दोन लागतात, एकाने पुसायचं, तो ओला बाजूला टाकायचा, दुसऱ्या कोरड्यात गुंडाळायचं. आम्ही एकाच टॉवेलने पुसून त्यातच गुंडाळत होतो कारण मिळायचाच एक. हे टॉवेलचं आमच्या मावशीने सांगितलं, ट्रेनिंगला मी गेले होते पण दिसलं तिला. "ओल्या फडक्यात गुंडाळल्यावर ऊब कशी ऱ्हाणार ताई," एवढंच म्हणाली.

बाई टेबलावर आली की वॉर्मर चालू, पंखा बंद, दोन टॉवेल वॉर्मरवर, आणि बाळ रडलं की थेट आईच्या छातीवर, वरून पांघरूण. रात्री वॉर्मर चालू ठेवायची जबाबदारी माझ्या सहीने मी लिहून दिली. टिंबं हळूहळू वर सरकायला लागली. आम्ही ३७.५ च्या वर गेलेली बाळंही मोजत होतो, म्हणजे ऊब द्यायच्या नादात बाळं भाजत तर नाही ना. दोन महिन्यांत एसएनसीयूचे फोन कमी झाले.

आणि मग एका आठवड्यात टिंब धपकन खाली. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या खाली गेलेल्या टिंबाने. कुणी हयगय केली का म्हणून मी सगळ्यांवर डाफरले, नंतर कळलं की धोब्याचं बिल थकलं होतं आणि त्या आठवड्यात टॉवेल धुऊन परतच आले नव्हते. म्हणजे बाळ गार पडण्याचं कारण लेबर रूममध्ये नव्हतंच, ते अकाउंट सेक्शनच्या एका फायलीत होतं. हे मला महिन्याच्या एका टक्केवारीतून कधीच कळलं नसतं. चार आठवड्यांची सरासरी काढली असती तर तो आठवडा त्यात विरघळून गेला असता.

तो चार्ट मी फोटो काढून वर पाठवला. कौतुक होईल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. उत्तर आलं की इतर सगळ्या संस्थांचे १०० टक्के आहेत, तुमचेच कमी का, खुलासा द्या. खुलासा! ज्यांनी मोजलंच नाही ते १०० आणि जिने मोजलं तिला खुलासा. आमच्या त्या वेळच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं, वाईट माणूस नव्हते ते, म्हणाले "सिस्टर, भिंतीवर काय लावायचं ते लावा, रिपोर्टात मात्र आपण सगळ्यांसारखं देऊ." पुढच्या महिन्यात मी ९८ लिहिलं. हो, मीच. १०० लिहायला लाज वाटली म्हणून ९८. तेव्हापासून दोन वह्या. रागवायचं असेल तर रागवा, पण तुमच्या शीटमध्ये माझ्यासारखे ९८ किती असतील याचा विचार करा आणि त्या शीटवर तुम्ही औषधं, माणसं, यंत्रं वाटता याचाही करा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, त्या ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं. इंग्लंडमध्ये २००० नंतर इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला दाखल करायचं की घरी पाठवायचं हे चार तासांत उरकलं पाहिजे असा नियम आला. मग चार तास संपायच्या शेवटच्या काही मिनिटांत पेशंट हलवल्याचा आकडा एकदम उंच, डोंगरासारखा. पेशंट काय घड्याळ बघून बरे होत होते? आकड्यावर पगार, बढती किंवा शिव्या लटकवल्या की माणूस आकडाच सांभाळतो, मग तो गोरा असो की आपल्या तालुक्यातला.

आता तुमच्या शीटबद्दल दोन शब्द, रागावू नका. मीटिंगमध्ये मागचा महिना आणि हा महिना शेजारी ठेवून वर गेला की शाबास, खाली आला की उभे राहा. साहेब, दोन टिंबांतून काही कळत नाही. आकडा नुसता नुसता वरखाली होत असतो, काही न करता. वजनकाट्यावर रोज उभं राहिलं तर पाव किलो इकडे तिकडे होतंच, म्हणून काय रोज पेढे वाटायचे? आम्हाला जे शिकवलं ते असं, की सगळी टिंबं लहानापासून मोठं अशी लावून बरोबर मधला आकडा काढायचा आणि तिथून आडवी रेघ मारायची. मग सलग सहा टिंबं रेघेच्या एकाच बाजूला आली, किंवा सलग पाच चढत किंवा उतरत गेली, तर काहीतरी खरंच बदललंय असं समजायचं. नाहीतर गप्प बसायचं. ही युक्ती नवीन नाही, १९२४ मध्ये शूहार्ट नावाच्या अमेरिकन माणसाने टेलिफोनचा कारखाना सुधारायला याच जातीचा पहिला तक्ता काढला होता. शंभर वर्षं झाली. आपल्या मीटिंगला अजून पोचली नाही.

आणि मातामृत्यू. ह्याच्यावर तर मला फार बोलायचंय. २०१८ ते २० च्या आकडेवारीत लाखभर जिवंत जन्मांमागे देशात ९७ मातामृत्यू आणि महाराष्ट्रात ३३, म्हणजे आपलं राज्य बरंच पुढे, अभिमान आहेच. पण आमच्याकडे वर्षाला दीड-दोन हजार बाळंतपणं. ३३ च्या हिशेबाने वर्षाला अर्धा-पाऊण मृत्यू. अर्धी बाई मरत नाही ना साहेब. म्हणून एका वर्षी शून्य, एका वर्षी एक, कधी दोन. आणि तुम्ही स्क्रीनवर दाखवता "१०० टक्के वाढ". एकाची दोन झाली की १०० टक्के! त्या दोन्ही बायांची नावं मला पाठ आहेत, एकीची मुलगी आता शाळेत जाते, पण टक्केवारी काढायची ती जागाच नाही. अशा क्वचित होणाऱ्या गोष्टींसाठी दोन घटनांमधले दिवस मोजतात. मागच्या मृत्यूपासून आज किती दिवस झाले, जिवावर बेतलेला शेवटचा रक्तस्राव कधी झाला होता. दिवस वाढत चालले तर सुधारतंय.

तसंच उलट्या बाजूने. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये २४ तासांत १८ मृत्यू आणि त्यानंतर ऑक्टोबर उजाडताना नांदेडला २४ तासांत २४, त्यात नवजात बाळंही. राज्यभर हाहाकार झाला आणि व्हायलाच पाहिजे होता. पण तेव्हा मी टीव्हीसमोर बसून विचार करत होते की आदल्या आठवड्यात रोज किती होते? आदल्या वर्षी त्याच दिवसांत किती? आलेले पेशंट किती, किती जणांना शेवटच्या क्षणी खासगीतून पाठवलेलं? हे रोज कुठेतरी टिंब टिंब करत मांडलं असेल तरच एक वाईट दिवस आहे की दोन महिन्यांपासून घसरण चाललीय हे कळतं. टिंबं नसतील तर बातमी होते, मंत्री येतात, निलंबन होतं आणि पुढच्या आठवड्यात सगळं होतं तसं.

आणि रेफरचं, म्हणजे पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवण्याचं, तर विचारूच नका. कुठल्या संस्थेत नवजात मृत्यू शून्य असेल तर आधी तिचा रेफरचा आकडा बघत जा. बाळ १०८ च्या ॲम्ब्युलन्समध्ये गेलं तर ते कुणाच्याच वहीत नाही, ना आमच्या ना त्यांच्या. खालून वर ढकललं की आपली पाटी कोरी. मीही ढकललेत, कधी गरजेने आणि खरं सांगायचं तर कधी भीतीने, महिनाअखेर जवळ आली की जास्तच.

हे सगळं वाचून वाटेल की ही बाई आकड्यांच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. आकड्यांनी काय होतं ते आपल्याच गडचिरोलीने जगाला दाखवलंय. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला लावली, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ आणि शेजारच्या तुलनेच्या गावांत ५९.६. मला त्यातलं सगळ्यात भावतं ते हे की तिथे जन्म-मृत्यूची मोजणी घरोघर फिरून तपासली जायची, मृत्यू सापडला म्हणून कार्यकर्तीला कुणी उभं करत नव्हतं, उलट मृत्यू सापडला नाही तर चूक. याच लोकांनी पुढाकार घेऊन २००१ मध्ये "कोवळी पानगळ" अहवाल काढला तेव्हा सरकारी दप्तरातले बालमृत्यू आणि गावात प्रत्यक्ष मोजलेले यांच्यात केवढी दरी आहे ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. २०११ पासून आपल्या आशा ताई जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत ज्या घरभेटी देतात त्याचं मूळ तिथेच आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे सहा भेटी. आता मला सांगा, तुमच्या मीटिंगमध्ये "सहा भेटी झाल्या का" हे विचारतात, भेटीत बाळाचा काय त्रास सापडला हे कधी विचारलंय? मी तरी त्या तीन तासांत ऐकलं नाही.

नुसतं काम झालं का एवढंच मोजून भागत नाही याचाही पुरावा आहे. उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० संस्थांमध्ये बाळंतपणाची चेकलिस्ट वापरायचा मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये निकाल आला. दोन महिन्यांनी बघितलं तर चेकलिस्टवाल्या ठिकाणी जरुरीच्या कामांपैकी ७३ टक्के होत होती, दुसरीकडे ४२. केवढा फरक! पण आई किंवा बाळ दगावणं किंवा आईला गंभीर त्रास होणं, यात फरक जवळजवळ शून्य, १५.१ आणि १५.३. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, मग वाटलं किती प्रामाणिक लोक, एवढा खर्च करून जे निघालं ते छापलं. चेकलिस्टवर बरोबरची खूण करणं आणि बाळ जगणं यांच्या मध्ये रक्त, भूल देणारा डॉक्टर, वेळेवर ॲम्ब्युलन्स, बरंच काही लागतं. तरी मी चेकलिस्ट सोडा म्हणणार नाही, फक्त खुणांची बेरीज म्हणजे क्वालिटी नाही एवढंच म्हणेन.

एनक्यूएएसचंही, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या गुणवत्ता तपासणीचंही, तसंच. वाईट योजना नाही ती, तिच्यामुळेच आमच्याकडे कचऱ्याच्या पिवळ्या-लाल बादल्या नीट आल्या आणि हात धुवायच्या बेसिनला कोपराने उघडायचा नळ आला. पण टीम यायच्या आधीचे पंधरा दिवस बघा, रंग, कुंड्या, लेबलं, जुन्या तारखांच्या बैठकांचे मिनिट्स (इतिवृत्त) लिहिणं, ७० टक्क्यांच्या वर गेलं की सर्टिफिकेट, फोटो, आणि मग पुढची टीम येईपर्यंत नळ गळत राहतो.

मग मागणी काय? जास्त नाही. आम्ही दर महिन्याला जे वर पाठवतो ते परत खाली पाठवा, आमच्याच दवाखान्याची मागच्या दोन वर्षांची रेघ काढून, दुसऱ्या तालुक्याशी शर्यत न लावता. बावीस वर्षांत मला वरून चुकीच्या रकान्यांची यादी सोडून काही परत आलेलं नाही. रकाने निम्मे करा, नाहीतर निदान एकच गोष्ट चार ठिकाणी लिहायला लावू नका. आणि एखाद्या सिस्टरने वाईट आकडा दाखवला तर सहा महिने तिला खुलासा मागू नका, विचारा काय पाहिजे. आमच्या वेळी उत्तर होतं टॉवेल. अजून एक, जमलं तर वर्षातून एकदा पन्नास आयांना फोन लावा, त्यांचे नंबर आमच्याच पोर्टलवर आहेत, विचारा बाळाला पहिल्यांदा कधी पाजलं, आणि ते उत्तर आमच्या "होय" च्या शेजारी ठेवा. त्याने मला शिक्षा होणार नाही एवढी लेखी हमी द्या, मी स्वतः लिस्ट काढून देते.

मला माहितीय तुमच्यावरही वरून दट्ट्या असतो. मुंबईहून व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागते आणि तिथे तुमचा जिल्हा लाल असतो, तेव्हा तुम्हालाही उभं करतात. तुमच्याकडेही दोन आकडे असतील कदाचित. एकदा चहावर बोलू त्याबद्दल.

चार्ट बघायला कधीही या. तो लेबर रूमच्या दाराच्या मागच्या बाजूला आहे, दार आतून लावल्यावरच दिसतो, कारण मागच्या असेसमेंटच्या वेळी भिंतीवरचं अनधिकृत सगळं काढायला लावलं होतं. कॅलेंडर चौथं चालू आहे. गेले तीन आठवडे टिंब खाली चाललंय आणि ह्या वेळी धोब्याचं बिल भरलेलं आहे, मी बघून आले. मला वाटतं नवीन लागलेल्या एसीचं काहीतरी आहे, पण सलग पाच झाल्याशिवाय मी काही बोलणार नाही. चौथं टिंब रविवारची रात्रपाळी संपली की देईन.

आपली,
लेबर रूमची इनचार्ज सिस्टर
(९८ लिहिणारी)